सातवा पुसून घे

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच वाचते. बंद खोलीतले पायरव, वळणावर दिसलेली बाई, आपोआप हललेला पाळणा... दर वेळी मनात एकच यायचं — यांच्यापैकी एकाने तरी लॉग तपासला असता! माझा धंदाच तो आहे. मशीनने काय केलं, किती वाजता केलं, कोणाच्या सांगण्यावरून केलं, हे सगळं कुठेतरी लिहिलेलं असतं. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. त्यामुळे भूत, संकेत, पूर्वसूचना वगैरे प्रकरणांशी माझं कधीच जमलं नाही.

अडचण अशी आहे की या वेळी माझ्याकडे नोंद आहे. एक मिनिट दहा सेकंदांची. आणि त्या नोंदीचा अर्थ मला लागत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी मूळची सांगलीची, सतरा वर्षं पुण्यात. स्टोरेजचं काम करते. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सोप्या भाषेत सांगते. मोठ्या ऑफिसात किंवा इस्पितळात शेकडो डिस्क एका कपाटात बसवलेल्या असतात, त्याला अ‍ॅरे म्हणतात. त्या कपाटात खण पाडायचे आणि ज्या सर्व्हरला जागा हवी त्याला एकेक खण द्यायचा. खणाला आम्ही व्हॉल्यूम म्हणतो. हल्ली सगळ्यांना स्वतःचा क्लाउड हवा असतो, म्हणजे हे खण मागाल तेव्हा आपोआप पाडून मिळाले पाहिजेत. त्यासाठी कपाट क्लाउडला जोडून द्यायचं, जुने रिकामे खण पुसून कोरे करायचे, आणि सगळी जागा एकत्र करायची. पुसणं महत्त्वाचं, कारण न पुसता दिलं तर एकाचा जुना डेटा दुसऱ्याच्या हातात जायचा.

तर हे काम करायला मी कुंभकोणमला गेले होते. तिरुभुवनमकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचं कॅन्सरचं इस्पितळ आहे, नाव सांगत नाही. सर्व्हर रूम दुसऱ्या मजल्यावर, खाली तळमजल्यावर रेडिएशनचं मशीन. शुक्रवारी सकाळी पोचले. रविवारी ओपीडी आणि रेडिएशन बंद, तेव्हा खण पुसण्याचं काम उरकायचं आणि सोमवारी सकाळी नऊच्या आत सगळं पूर्ववत चालू, असा बेत होता.

तिथले कॉम्प्युटरचे प्रमुख म्हणजे सेतुमाधव राव. वय साठीच्या आतबाहेर, कपाळाला बारीक गंध, खिशाला दोन पेनं. रोज सुंदरपेरुमाळ कोयिलहून पॅसेंजरने येतात. कामाचं सगळं इंग्रजीत, स्टाफशी तमिळमध्ये. मला वाटलं तमिळच आहेत. शुक्रवारी दुपारी कॅन्टीनमध्ये मी फोनवर आईशी बोलत होते, फोन ठेवला तर हे समोर उभे. डोळे चमकत होते.

"बाई, तुमी मराठी कीं?" म्हणाले. "आमी बी मराठीच. तंजावरचे. तीनशे वर्षें झालीं येऊन."

मग त्यांनी मला घरचं काय काय सांगितलं. आमचे घरीं ऐसें करतात, आमचे घरीं तैसें म्हणतात. मजला, तुजला, कोठें, बेस. मला मजा वाटली. पण तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते, ती मजा काही चांगल्या जातीची नव्हती. मला नकला करायची खोड आहे. ऑफिसात कोणत्याही क्लायंटची मी अशी नक्कल करते की लोक खुर्चीतून खाली पडतात. त्या रात्री पुण्यातल्या सहकाऱ्याला, निखिलला, फोनवर म्हटलं, "अरे, इथे एक बखरीतून पळून आलेले गृहस्थ आहेत!" आणि दोन वाक्यं म्हणून दाखवली. निखिल हसला. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

शनिवारी सकाळी कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर रक्ततपासणीला आलेलं एक जोडपं येऊन बसलं. नवरा पन्नाशीचा, गळ्यावर कातडी काळी पडलेली, हाताच्या बोटांवर जुन्या भाजल्याचे डाग. नाव मुरुगेसन. नाचियार्कोविलला पितळी समया ओतण्याचं काम करतो. घशाचा कॅन्सर. तो बोलत नव्हता, बोलताच येत नव्हतं. बायको मात्र दोघांच्या वाटचं बोलत होती आणि सेतुमाधव राव मला मराठीत सांगत होते.

"तीस वेळां किरणें देणें आहे," ते म्हणाले. "एकोणीस झालीं. अजून अकरा. डॉक्टर म्हणाला आहे, मधें खंड पडूं देऊं नका. शनिवार-रविवार सोडून एक दिवस चुकला तरी बरें नव्हे."

बायकोने पिशवीतून एक छोटी वही काढून दाखवली. एकोणीस चौकटींवर खुणा, अकरा कोऱ्या. नवऱ्याने त्या कोऱ्या चौकटींवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. मला पुढे काय येणार आहे याची कल्पना असती तर हसले नसते.

किरणं कुठून, किती, कोणत्या कोनातून द्यायची याचा प्रत्येक पेशंटचा एक आराखडा असतो. तो कॉम्प्युटरमध्ये असतो. तो गेला तर पुन्हा स्कॅन, पुन्हा आखणी, पुन्हा तपासणी, आणि तोवर मशीन बंद. त्या वेळी तिथे असे चाळीसेक पेशंट अर्ध्यावर होते. हे मला माहीत होतं. मी आराखड्यांचं व्हॉल्यूम कुठलं तेही विचारलं होतं. कागदावर लिहिलं होतं — चौथं. त्याचा बॅकअपही रोज होत होता. मी चौथ्यावर लाल खूण केली आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं.

सातव्या व्हॉल्यूमवर कागदात एवढंच होतं — 'टेस्ट'.

रविवार. दुपारी दीडची वेळ. बाहेर लख्ख ऊन, सर्व्हर रूममध्ये एसीची थंडी आणि पंख्यांचा आवाज. तिथे दोन माणसं शेजारी उभी राहिली तरी ओरडून बोलावं लागतं, म्हणून मी हेडसेट लावला होता. पुण्याहून निखिल ऑनलाइन कॉलवर. आमच्या कंपनीचा नियम आहे — काहीही पुसायचं असेल तर दोन माणसं हवीत, आणि कॉल रेकॉर्ड करायचा. सेतुमाधव रावही सुरुवातीला मोबाइलवरून कॉलवर आले होते, पण यूपीएसचा इलेक्ट्रिशियन आला म्हणून खाली गेले.

एक-एक खण घेत होतो. दुसरा, तिसरा, पाचवा, सहावा. प्रत्येकाचं तेच. गेल्या चोवीस तासांत कोणी वापरला का बघायचं. शून्य असेल तर सर्व्हरपासून सोडवायचा, पुसायचा, क्लाउडच्या जागेत टाकायचा. सातवा आला. चोवीस तासांत शून्य वापर. जोडलेला होता कुठल्याशा जुन्या नावाच्या सर्व्हरला, त्याच्या नावातही 'टेस्ट' होतं. निखिल म्हणाला, "उडव." मी सोडवला.

आणि हेडसेटमध्ये एक बाई बोलली.

वयस्कर आवाज. किंचित बसलेला, सर्दी झाल्यासारखा. घाई अजिबात नाही. म्हणाली,

"तो सातवा पुसून घे, बाई. पुसल्याविना हात लावूं नको. कळलें कीं?"

मी दचकले नाही, हे मुद्दाम सांगते. मला वाटलं सेतुमाधव रावांचा फोन कोणाच्या तरी हातात आहे — त्यांची बायको, आई, इस्पितळातली कोणी. मला राग आला. सतरा वर्षं हे काम करते आहे आणि आता कोणीतरी घरातली बाई मला सांगणार की वापरण्याआधी व्हॉल्यूम पुसून घे! माहीत आहे हो मला. मी "हो मॅडम, पुसते" असं काहीतरी म्हटलं. म्हणजे मला तरी तसं आठवत होतं. पलीकडे निखिल हसला. मला वाटलं त्या बाईच्या बोलण्याला हसतोय.

कमांड टाइप केली. पुसण्याची कमांड दिली की मशीन एकदा विचारतं — खात्री असेल तर व्हॉल्यूमचं नाव पुन्हा लिहा. मी नाव लिहिलं. आता फक्त एंटर दाबायचं बाकी.

तेवढ्यात दार उघडलं. सेतुमाधव राव. हातात पितळी वाटी-पेल्यात कॉफी, माझ्यासाठी. मी हेडसेट एका कानावरून बाजूला सरकवला. माझी करंगळी एंटरवर टेकलेलीच होती, कारण मला संपवायचं होतं. जेवणही व्हायचं होतं.

"सातवा पुसून घेतेय," मी ओरडून सांगितलं.

"बेस, बेस," ते म्हणाले. "पुसा. पुसणें बरें."

बघा. त्यांनीही होकार दिला. कमांड तयार, सहकारी हो म्हणतोय, क्लायंट हो म्हणतोय. त्या क्षणी एंटर दाबलं असतं तर जगातल्या कुठल्याही चौकशीत मी निर्दोष ठरले असते. का थांबले याचं उत्तर साधं आहे. त्यांनी कॉफी पुढे केली आणि ती घ्यायला मी हात उचलला.

पेला हातात देताना त्यांनी विचारलं, "कोणाला पुसणार?"

"कोणाला म्हणजे?"

"नव्हे, कोणाला पुसणार आहां? आज आदितवार. फिजिसिस्ट मॅडम घरीं असेल. फोन करून पुसूं काय?"

फिजिसिस्ट म्हणजे किरणांचे आराखडे आखणाऱ्या बाई. मॅडमना फोन करून पुसायचं?

"सर," मी म्हटलं, "पुसणे म्हणजे तुमच्याकडे काय?"

ते गोंधळले. "पुसणें म्हणजे... पुसणें. वाट पुसतों. भाव पुसतों. अत्ता तुमाला पुसलों नाहीं काय, कोणाला पुसणार म्हणून?"

विचारणे.

आता तुम्ही म्हणाल, हे तर आम्हालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं हो! 'विचारपूस' हा शब्द आपण रोज वापरतो, खुशाली पुसतो. सांगलीकडे म्हातारी माणसं अजून म्हणतात. पण डिस्कच्या कपाटासमोर, पुसण्याचीच कमांड टाइप केलेली असताना, 'पुसून घे' याचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे कोणाच्या डोक्यात येईल? ती बाई मला सांगत होती की विचारल्याशिवाय हात लावू नकोस. आणि मी ते पुसून टाक असं ऐकलं होतं.

मी कमांड रद्द केली. हेडसेटमध्ये निखिल विचारत होता काय झालं, त्याला "थांब" एवढंच म्हटलं.

"सर, फोन करा. विचारा त्यांना. सातव्यावर काय आहे?"

त्यांनी फोन लावला. फिजिसिस्ट मॅडम कुठल्याशा लग्नात होत्या, मागे नादस्वरम वाजत होता. त्या म्हणाल्या, व्हॉल्यूमचा नंबर वगैरे मला ठाऊक नाही, माझ्या स्क्रीनवर आराखडे दिसतात एवढंच मला कळतं. खाली जाऊन माझा सर्व्हर चालू करून बघा. यूपीएसच्या कामासाठी तो शुक्रवारी संध्याकाळीच बंद केला होता.

शुक्रवारी संध्याकाळी. आणि मी वापर बघितला होता तो गेल्या चोवीस तासांचा. बंद सर्व्हर कशाला काय वापरेल? ही चूक सर्वस्वी माझी, आणि नवशिक्याने केली असती तर मी त्याला जन्मभर ऐकवलं असतं.

आम्ही दोघं जिन्याने खाली गेलो. सेतुमाधव रावांनी सर्व्हर चालू केला. तो चालू व्हायला चार-पाच मिनिटं लागली असतील. मग आराखड्यांचा प्रोग्रॅम उघडला.

पेशंटची यादी कोरी होती. एक नाव नाही.

मला त्या क्षणी मुरुगेसनच्या बायकोची वही दिसली, त्या अकरा चौकटी. त्याचं ते बोट. मी जिन्यावरून धावत वर गेले. चाळिशीनंतर मी अशी कधी धावले नव्हते. सातवा खण पुन्हा त्या जुन्या नावाच्या सर्व्हरला जोडला. घाईत नंबर दोनदा चुकला. जोडलं आणि खाली सेतुमाधव रावांना फोन केला, "आता बघा." अगदी हळू, एकेक करत ते नावं वाचायला लागले. सगळी तमिळ नावं. मधे कुठेतरी मुरुगेसन आला आणि मी सर्व्हर रूमच्या जमिनीवर बसले.

म्हणजे तो 'टेस्ट' नावाचा सर्व्हर मॅडमचाच होता, आणि आराखडे सातव्यावर होते. चौथ्यावर जे होतं ते जुनं, कित्येक महिन्यांपूर्वीचं. बॅकअप रोज होत होता, पण त्या जुन्याचाच. मी एंटर दाबलं असतं तर चाळीस जणांचे उपचार सोमवारी सकाळी तिथेच थांबले असते.

संध्याकाळपर्यंत आम्ही सातव्याच्या दोन प्रती काढल्या, एक वेगळ्या मशीनवर, एक बाहेरच्या डिस्कवर. काम झाल्यावर मी सेतुमाधव रावांना म्हटलं, "तुमच्या घरच्या त्या बाईंचे पाय धरायला हवेत. त्यांनी सांगितलं नसतं तर..."

"कोण बाई?"

"तुमच्या फोनवरून बोलल्या त्या. दीडच्या सुमाराला."

त्यांनी फोन काढून दाखवला. एक वाजून बारा मिनिटांनी ते कॉलमधून बाहेर पडले होते. नंतर फोन खिशातच होता, आणि सोबत फक्त इलेक्ट्रिशियन. घरी बायको एकटी असते, आणि ती कानाने अधू आहे.

मला तेव्हाही भीती वाटली नाही. म्हटलं कुठलीतरी लाइन जुळली असेल, कोणाच्या तरी फोनचं क्रॉस कनेक्शन झालं असेल. इंटरनेटच्या कॉलमध्ये असं होत नाही हे मला पक्कं माहीत आहे, तरी मी स्वतःची समजूत घातली.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मशीन चालू झालं. मी मुद्दाम खाली जाऊन उभी राहिले. मुरुगेसन आत गेला, वीस मिनिटांनी बाहेर आला. बायकोने पेनाने विसाव्या चौकटीवर खूण केली आणि मला बघून हात जोडले, ओळखीचं माणूस दिसल्यावर जोडतात तसे. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना.

झालेल्या चुकीबद्दल अहवाल लिहायचा होता, म्हणून निखिलला रेकॉर्डिंग पाठवायला सांगितलं. सोबत म्हटलं, "ती बाई बोलते तो भाग काढून दे."

"कुठली बाई?"

"अरे, सातवा पुसून घे म्हणाली ती. तू हसलास की!"

निखिल म्हणाला, "वैशाली, ती तू होतीस. मला वाटलं तू त्या रावांची नक्कल करतेयस. म्हणून हसलो."

सोमवारी दुपारी तीन वाजता, कॅन्टीनमध्ये, आजूबाजूला माणसं जेवत असताना मी ते ऐकलं. कॉलमध्ये त्या वेळी दोनच जण होते, निखिल आणि मी. आधी माझा आवाज येतो — सातवा सोडवला, असं काहीतरी. मग दोन सेकंद नुसते पंखे. मग पुन्हा माझाच आवाज. माझाच, यात शंका नाही, स्वतःचा आवाज मला ओळखता येतो. पण लय माझी नाही. सावकाश, समजावल्यासारखं. "तो सातवा पुसून गे, बाई. पुसल्याविना हात लावूं नको. कळलें कीं?"

'घे' नाही. 'गे'. तिकडे ख, घ, भ जिभेवर फारसे येत नाहीत, तमिळच्या सवयीने. मी नक्कल करते तेव्हा शब्द पकडते, पण हा बारकावा मी कधीच पकडलेला नव्हता. मी ते ऐकलं होतं तेव्हा 'घे' असंच ऐकलं होतं; रावांचं बोलणंही वर मी माझ्याच कानाने लिहिलं आहे.

मी ते सेतुमाधव रावांना ऐकवायचं की नाही याचा बराच विचार केला. शेवटी ऐकवलं, कारण लपवण्यात मला काही अर्थ दिसेना. त्यांनी माझा हेडसेट लावून एकदा ऐकलं, मग पुन्हा ऐकलं. हेडसेट काढून टेबलावर नीट ठेवला.

"तुमी ऐसें बोलणें कोठें शिकलांत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी कुठेच शिकले नाही.

मग त्यांनी पहिल्यांदा मला त्यांच्या मोठ्या बहिणीबद्दल सांगितलं. त्या इस्पितळाचे कॉम्प्युटर तिनेच उभे केले, अगदी पहिल्या मशीनपासून. लग्न केलं नाही. शेवटची दोन वर्षं आजारी असतानाही रोज यायची. चौथ्या खणाच्या डिस्क खराब व्हायला लागल्या तेव्हा तिनेच आराखडे सातव्यावर हलवले असणार, तात्पुरते म्हणून, आणि कागदावर लिहायच्या आधी तिला अ‍ॅडमिट करावं लागलं. ती परत आली नाही. ही खुर्ची त्यांच्या गळ्यात पडली ती त्यानंतर. आधी ते तिथल्याच स्टोअरमध्ये होते, कॉम्प्युटरशी संबंध नव्हता.

"इस्पितळांत मी तिचें नांव घेत नाहीं," ते म्हणाले. "घेतलें कीं डोळ्यांस पाणी येतें. लोक बघतात."

मी शुक्रवारपासूनचा सगळा संवाद आठवून पाहिला आहे. त्यांनी तिचा उल्लेख केला नव्हता. दुसरा कोणी तिच्याबद्दल बोलला असेल तर तो तमिळमध्ये, आणि मला तमिळमध्ये पाणी आणि भात याच्यापुढे काही कळत नाही.

निखिलचं म्हणणं असं की हे सगळं माझ्या अंतर्मनाचं काम. रावांच्या तोंडून 'पुसणे' कधीतरी कानावर पडलं असेल, सातव्याबद्दल आत कुठेतरी शंका असेल, आणि नक्कल करायची जीभ सैल आहेच. मी हे मान्य करायला तयार आहे. खरंच तयार आहे, कारण त्याने माझी झोप परत येईल. शंका होती हेही एक वेळ मानते. पण मला शंका असती तर मी सरळ थांबले असते. ज्या शब्दाचा मी उलटाच अर्थ लावणार त्या शब्दात मी मलाच का बजावेन?

आणि एवढ्यावर भागत नाही.

रेकॉर्डिंग एक मिनिट दहा सेकंदांचं आहे असं सुरुवातीला म्हटलं. "कळलें कीं?" नंतर थोडा वेळ जातो. मग मी उत्तर देते, माझ्या नेहमीच्या आवाजात, वैतागून. मला आठवत होतं की मी "हो मॅडम" म्हटलं. अनोळखी बाईला मी मॅडमच म्हणते, किंवा मावशी, काकू. सेतुमाधव रावांनी ते तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तिथे बोट ठेवून थांबवलं आणि पुन्हा लावलं.

"हो अक्का, पुसतो."

हे मी म्हणते आहे. अक्का. आणि 'पुसते' सुद्धा नाही, 'पुसतो'.

ते माझ्याकडे बघत होते. रडले नाहीत. कॅन्टीनमध्ये ताटं वाजत होती, कोणीतरी ताक मागत होतं.

"घरीं तिजला मी एकटाच अक्का म्हणत होतों," ते म्हणाले. "आणि कांहीं सांगितलें कीं हेंच उत्तर देत होतों. पुसतों म्हणून. आणि पुसत नव्हतों."

लॉग तपासला आहे, तीन वेळा. कॉलमध्ये दोन जण होते, माइक एकच चालू होता, तो माझा होता. नकला करणं मी तेव्हापासून सोडलं आहे. रेकॉर्डिंगची एक प्रत सेतुमाधव रावांनी मागून घेतली. दोन आठवड्यांनी सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला, मुरुगेसनच्या वहीतली शेवटची चौकट भरली म्हणून.

बोलणं संपल्यावर ते थोडे घुटमळले आणि म्हणाले, "बाई, एक पुसूं काय? ती अजून कांहीं बोलली नाहीं ना?"

मी नाही म्हटलं. ते बरं म्हणाले, पण फोन मात्र बराच वेळ ठेवला नाही.